शब्द यादीतून आले की चित्रातून?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

चित्रप्रदर्शनांबद्दल आपल्याकडच्या पेपरांत, ब्रोशरमध्ये आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रेस नोटमध्ये जे लिहून येतं त्यातला बराचसा भाग चित्र न बघता, अगदी साध्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमने लिहिता येतो. हे मी अंदाजाने नाही म्हणत, असा प्रोग्रॅम मी आणि माझ्या क्लासमधल्या पोरांनी करून बघितलाय, आणि त्यातून जे दिसलं ते आपल्या वाचकांपुढे यावं असं मनापासून वाटतं म्हणून हे लांबलचक पत्र. माझा फैजपूरला छोटा कॉम्प्युटर क्लास आहे आणि सोबत डीटीपीचं काम, लग्नपत्रिका, दशक्रिया विधीचे कार्ड, सोसायटीचे अहवाल, आणि सावदा-रावेर-यावल भागातल्या चित्रकार पोरापोरींची ब्रोशरं पण माझ्याकडेच टाइप होतात, त्यामुळे हा विषय रोजच्या टेबलावरचा आहे.

आधी प्रोग्रॅम कसा चालतो ते सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की यात काहीतरी मोठी बुद्धी असेल. काही नसते. एक साचा घ्यायचा, समजा असा: "अमुक यांच्या चित्रांतून [विशेषण] [नाम] आणि [विशेषण] [नाम] यांच्यातील [नाम] प्रत्ययास येते." मग विशेषणांची एक यादी करायची, अमूर्त, गूढ, तरल, आदिम, अंतर्मुख, कालातीत, अशी वीसेक. नामांची दुसरी यादी, अवकाश, अस्तित्व, जाणीव, संवेदना, स्पंदन, चिंतन, अशी वीसेक. कॉम्प्युटरला सांगायचं की प्रत्येक रिकाम्या जागेसाठी यादीतला कुठलाही एक शब्द उचल, चिठ्ठी काढल्यासारखा. बस एवढंच. पाच रिकाम्या जागा आणि प्रत्येकीला वीस पर्याय म्हटलं तर वीसचा पाचवा घात, म्हणजे ३२,००,००० वेगवेगळी वाक्यं तयार होतात. बत्तीस लाख वाक्यं, आणि त्यातल्या एकालाही चित्र कसलं आहे, कागदावर आहे का कॅनव्हासवर, चित्रात माणूस आहे का नुसता रंग, काही म्हणजे काही माहीत नाही.

मराठीत हे करताना एक अडचण येते ती इंग्रजीवाल्यांना येत नाही. आपल्याकडे नामाला लिंग आहे आणि प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं. नातं प्रत्ययाला येतं, संघर्ष प्रत्ययाला येतो, गुंतागुंत प्रत्ययाला येते. जाणीवचं जाणिवेच्या होतं, अवकाशचं अवकाशाच्या. मग पोरांनी यादीत प्रत्येक नामापुढे त्याचं लिंग आणि सामान्यरूप लिहून ठेवलं आणि प्रोग्रॅमला सांगितलं की शेवटचं क्रियापद या लिंगाप्रमाणे निवड. दहावी-अकरावीची पोरं ती, व्याकरणाच्या तासाला जांभया देणारी, पण इथे सामान्यरूपावरून एकमेकांशी भांडत होती हे बघून मला फार बरं वाटलं. आणि हे करता करता एक गोष्ट आमच्या लक्षात आली ती मला फार महत्त्वाची वाटते. अमूर्त, गूढ, तरल, आदिम ही विशेषणं बदलतच नाहीत. गूढ अवकाश, गूढ जाणीव, गूढ अस्तित्व, कुठेही चिकटवा, बसतात. पण ओला, पिवळा, कच्चा, फाटका, जाडा, मळका हे आपले रोजचे शब्द घेतले की ते समोरच्या नामाप्रमाणे वळतात, ओला रंग, ओली भिंत, ओलं पान. म्हणजे मशीनला जे शब्द सगळ्यात सोपे जातात नेमके तेच शब्द कलेवरच्या लिखाणात जास्त येतात, आणि जे शब्द एखाद्या खऱ्या वस्तूला धरून असतात ते कमी. आता कुणी म्हणेल की संस्कृत शब्द वाईट का, तसं अजिबात म्हणणं नाही, गूढ चित्र गूढ असू शकतं, पण ते कुणीतरी बघून म्हटलेलं पाहिजे ना.

दुसरी पण एक पद्धत आहे, तिला मार्कोव साखळी म्हणतात. आंद्रेई मार्कोव नावाच्या रशियन गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनच्या एका पद्यकादंबरीतली पहिली २०,००० अक्षरं मोजून काढली होती, स्वरानंतर व्यंजन किती वेळा येतं, व्यंजनानंतर स्वर किती वेळा. पुढे १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी तोच विचार शब्दांवर लावून दाखवला, या शब्दानंतर कुठला शब्द येतो ते बघायचं आणि त्या हिशोबाने पुढचा उचलायचा. आम्ही जुन्या ब्रोशरमधला मजकूर त्यात टाकला. मजा अशी की सुरुवात एकदम झकास होते आणि मधेच वाक्य भरकटतं, "ही चित्रं रसिकांना अंतर्मनाच्या प्रवासाला घेऊन जातो" असलं काहीतरी. कारण मराठीत क्रियापद बसतं वाक्याच्या शेवटी आणि हा प्रोग्रॅम मागचे एक-दोन शब्दच लक्षात ठेवतो, तोपर्यंत कर्ता कोण होता हे त्याला आठवत नाही. त्यामुळे आपल्या भाषेत साच्याचा प्रोग्रॅम जास्त फसवा निघतो, त्याचं व्याकरण चुकत नाही.

मग आम्ही साच्याच्या प्रोग्रॅममधली काही वाक्यं आणि खऱ्या छापून आलेल्या ब्रोशर-बातम्यांमधली काही वाक्यं एकाच कागदावर मिसळून प्रिंट काढली आणि ओळखीच्या लोकांना दिली. शिक्षक होते, एक-दोन चित्रकार होते, नेहमी पेपर वाचणारे होते. कुठलं वाक्य माणसाचं आणि कुठलं मशीनचं हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. एक चित्रकार मित्र तर मशीनच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, हे चांगलंय, हे मला पुढच्या प्रदर्शनाला दे. तो खरंच सांगत होता, त्याला ते आवडलं होतं. मला तेव्हा वाईट वाटलं, कारण हा माणूस रात्र रात्र जागून काम करतो, त्याच्या कामाबद्दल बोलायला त्याच्याजवळ स्वतःचे शब्द नाहीत असं नाहीये, चहा पिताना तो किती सुंदर बोलतो, पण छापायची वेळ आली की त्याला वाटतं आपलं बोलणं चालणार नाही.

हे सगळं काही नवीन नाहीये आणि फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. १९५२ साली इंग्लंडात मँचेस्टर युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरवर क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी प्रेमपत्रं लिहिणारा प्रोग्रॅम केला होता, साचा तोच, विशेषण-नाम, विशेषण-नाम, आणि खाली सही एम.यू.सी., म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर. ती पत्रं युनिव्हर्सिटीच्या नोटीस बोर्डावर लावायचे. मला हे साल वाचल्यावर लगेच आठवलं ते हे की आपल्या बहिणाबाईंची गाणी पुस्तकातून लोकांसमोर आली तेही १९५२. असोद्याची ती माउली, लिहिता-वाचता न येणारी, शेत, जातं, चूल, विहीर जे समोर दिसत होतं त्यावरच बोलली, आणि तिकडे त्याच वर्षी एका मशीनने काही न बघता, कुणावर प्रेम न करता प्रेमपत्रं लिहिली. दोन्ही शब्दच आहेत.

पुढे १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात मोनॅश युनिव्हर्सिटीत अँड्र्यू बुलहॅक यांनी असा प्रोग्रॅम केला की तो उत्तर-आधुनिकता नावाच्या वैचारिक प्रवाहावरचा अख्खा निबंध तयार करतो, साच्यात साचा, त्यात अजून साचा, अशी रचना. २००५ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटर सायन्सचे खोटे पेपर, म्हणजे शोधनिबंध, तयार करणारा सायजेन नावाचा प्रोग्रॅम केला आणि त्यातला एक पेपर एका परिषदेने स्वीकारला सुद्धा. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं, पण २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या दोन मोठ्या प्रकाशनांना त्यांच्याकडचे १२० हून जास्त पेपर काढून टाकावे लागले कारण ते सगळे त्याच प्रोग्रॅमने लिहिलेले निघाले. सिरिल लाबे नावाच्या फ्रेंच संशोधकाने ते शोधून काढले. म्हणजे छापणाऱ्यांपैकी कुणी वाचलेच नव्हते.

आणि कलेबद्दलच बोलायचं तर २०१२ मध्ये ॲलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी १९९९ पासूनच्या गॅलऱ्यांच्या प्रेस नोटा कॉम्प्युटरमध्ये घालून तपासल्या, कुठले शब्द किती वेळा येतात, वाक्यं कशी असतात. त्यांना दिसलं की जगभरच्या गॅलऱ्या एक वेगळीच इंग्रजी लिहितात, अवकाश हा शब्द जिकडे तिकडे, साध्या विशेषणाची भाववाचक नामं करायची, एका शब्दाच्या जागी तीन शब्द जोडायचे. तो लेख वाचताना मला आपल्याकडची ब्रोशरं डोळ्यासमोर दिसत होती. न्यूयॉर्कपासून निघालेली ही भाषा मुंबई-पुण्यावरून आमच्या फैजपूरच्या डीटीपीच्या टेबलापर्यंत आली आणि वाटेत तिच्यात बघितलेलं असं काही उरलं नाही.

टेबलावर काय होतं ते पण सांगतो. ब्रोशर करायला येणारा पोरगा म्हणतो, "सर, मागच्या वर्षी त्या अमक्या दादाचं केलं होतं ना, ती फाईल असेल तर त्यात फक्त नाव बदला." फाईल असते. नाव बदललं, गावाचं नाव बदललं, कॉलेजचं नाव बदललं, एका ठिकाणी "यांच्या" चं "हिच्या" केलं की झालं. तेच ब्रोशर मग प्रेस नोट म्हणून जातं, तालुक्याचा वार्ताहर ते जसंच्या तसं पाठवतो, आणि छापून येतं. मी त्या पोरांना दोष देत नाही. त्यांना कॉलेजात असंच लिहायला शिकवलं जातं, गॅलरीच्या अर्जात आर्टिस्ट स्टेटमेंट, म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल चित्रकाराने लिहायचा मजकूर, मागतात आणि ते कसं लिहायचं हे कुणी समजावत नाही, म्हणून जे दिसतं त्याची नक्कल होते. वार्ताहराला तर मी अजिबात दोष देणार नाही, दिवसाला चार कार्यक्रम, पेट्रोल स्वतःच्या खिशातलं, बातमीमागे मिळतं किती ते त्यालाच माहीत, तो प्रदर्शनात तासभर उभा राहून चित्र कधी बघणार. पण यात नुकसान होतं ते चित्राचं.

आमच्याच भागातल्या एका मुलीचं प्रदर्शन मध्यंतरी झालं, तिचं नाव इथे घालत नाही कारण तिला विचारलेलं नाही. केळीवरची चित्रं होती सगळी. एका चित्रात मजूर माणूस खांद्यावर घड घेऊन बागेतून बाहेर येतोय, खांद्यावर जुनी गोधडी घडी करून टाकलेली, चीक लागू नये म्हणून टाकतात तशी, तरी बनियनवर चिकाचे तपकिरी डाग आहेतच. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही हे आमच्याकडे लहान पोराला पण माहीत. तिने ते डाग रंगाने नाही काढले, खरा चीकच लावलाय कॅनव्हासवर, लावताना पाण्यासारखा दिसतो आणि हवा लागून हळूहळू काळपट होत जातो, म्हणजे ते चित्र तिने पूर्ण केल्यानंतरही काही काळ बदलत राहिलं. आणि मागे जी पानं होती त्यांच्या कडांना तिने पिवळे-तपकिरी चट्टे काढले होते. प्रदर्शन बघायला आलेल्यांपैकी दोन शेतकरी तिथेच उभे राहिले, हललेच नाहीत, एक म्हणाला, "हा करपा हाये ना भो, खालच्या पानावर कसा बरोबर आलाय बघ," दुसरा म्हणाला करपा नाही, उन्हाने भाजलंय ते, चट्टा बघ कसा आहे. करपा म्हणजे केळीच्या पानावरचा रोग, त्यावरून त्यांचा चांगला वाद झाला. शेवटी त्यांनी तिलाच विचारलं, ती म्हणाली करपाच आहे, वडिलांच्या बागेतलाच आहे, पानं तोडून आणून समोर ठेवून काढली. मी तिथे उभा होतो आणि मला वाटलं की यापेक्षा चांगली समीक्षा कोण लिहिणार आहे, दोन माणसं चित्रासमोर उभी राहून पानावरच्या एका डागावर भांडतायत.

दुसऱ्या दिवशी बातमी आली त्यात होतं, "निसर्ग आणि मानव यांच्यातील तरल नात्याचा अमूर्त शोध." चित्र अमूर्त नव्हतंच. करपा नव्हता, चीक नव्हता, केळी हा शब्दसुद्धा नव्हता. हे वाक्य आमच्या प्रोग्रॅमने जसंच्या तसं काढलं असतं, त्यातले सगळे शब्द यादीत आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोग्रॅम वाईट नाही आणि साचा पण वाईट नाही. रिकाम्या जागेत जो शब्द बसतो तो कुठून आला हे बघायचं, यादीतून आला की समोरच्या वस्तूतून आला. अमेरिकेत लॉस एंजेलिस टाइम्स या पेपरने २०१४ मध्ये भूकंपाची बातमी लिहिणारा एक छोटा प्रोग्रॅम वापरला होता, क्वेकबॉट म्हणून. भूकंप झाला की तिथल्या सरकारी भूगर्भ खात्याकडून किती तीव्रतेचा, कुठे, किती वाजता एवढी माहिती येते, ती साच्यात बसते, संपादक बघतो आणि काही मिनिटांत बातमी तयार. त्याच वर्षी १७ मार्चला सकाळी तिथे धक्का बसला तेव्हा तशी बातमी लागली पण. तो साचा आमच्या साच्यापेक्षा काही हुशार नाहीये, पण त्यातला आकडा खऱ्या जमिनीच्या हलण्यातून आलाय. आपल्याकडे केळीचे भाव, हतनूर धरणाची पाण्याची पातळी, भुसावळचं तापमान या बातम्या कुणी प्रोग्रॅमने लिहिल्या तर माझी काही हरकत नाही, वाक्य तेच ते असलं तरी चालतं.

मग कलेबद्दल असा प्रामाणिक साधा प्रोग्रॅम होऊ शकतो का, तर होऊ शकतो, आणि आम्ही आता तोच करतोय. ब्रोशर करायला कुणी आलं की यादीतून शब्द उचलायच्या ऐवजी प्रोग्रॅम प्रश्न विचारतो. चित्राची लांबी-रुंदी किती. कशावर काढलंय. रंग कुठला, बाजारातला का स्वतः केलेला. चित्रात सगळ्यात आधी नजर कुठे जाते. असं एक ठिकाण सांगा जिथे तुम्ही दोनदा-तीनदा खोडून परत काढलं. हे चित्र काढताना समोर काय ठेवलं होतं. उत्तरं टाइप केली की तो ती जोडून पाच-सहा सरळ वाक्यं देतो, लिंग-प्रत्यय सांभाळून. भाषा साधी निघते, थोडी कोरडी पण निघते, पण त्यात चित्र असतं. त्या मुलीच्या चित्रासाठी असं केलं तर पहिल्याच उत्तरात चीक आला. खोडल्याचा प्रश्न मुलांना सगळ्यात आवडतो, तिथे ते भरभरून लिहितात, कारण तिथे त्यांची खरी झटापट असते आणि आजपर्यंत कुणी विचारलेलीच नसते.

आपल्या खानदेशाला बघण्याची केवढी मोठी परंपरा आहे साहेब. भुसावळला रॉबर्ट गिल यांची कबर आहे, किती लोकांना माहीत आहे देव जाणे. हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या लेण्यांत बसून चित्रांच्या नकला करत होता, वर्षानुवर्षं, अंधारात, वटवाघळांत. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक नकला जळून गेल्या, तरी तो परत कामाला लागला, कॅमेरा पण घेतला. १८७९ मध्ये तो गेला आणि भुसावळलाच त्याला पुरलं. त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, १८७२ पासून पुढे कितीतरी सीझन तेच काम. अजिंठ्याबद्दल काही बोलायचं तर ही माणसं बोलू शकत होती, कारण कुठल्या भिंतीवर कुठल्या बोटाचं वळण कसं आहे हे त्यांच्या हाताला माहीत होतं. धुळ्याजवळच्या गोंदूरला जन्मलेले राम सुतार, ज्यांनी १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा घडवला, ते सुद्धा १९५० च्या दशकात अजिंठा-वेरूळला मूर्तींच्या दुरुस्तीच्या कामावर होते, आधी जुन्या दगडाकडे बघून घेतलं मग स्वतःचं.

आमच्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात झालेलं पहिलं, तेव्हा गांधीजींनी सजावटीला शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं आणि सांगितलं की जे गावात मिळतं त्यातूनच करा. बांबू, चटया, असल्याच सामानातून त्यांनी ते उभं केलं. आणि चाळीसगावचे केकी मूस, १९८९ पर्यंत स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहून, घराबाहेर जवळजवळ न पडता, टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून असे फोटो काढायचे की बघणाऱ्याला अख्खा निसर्ग दिसावा. त्यांच्या एका फोटोसमोर उभं राहून "प्रकाश आणि सावलीचा गूढ संवाद" असं लिहिलं की काय कळलं वाचणाऱ्याला? त्यापेक्षा टेबलावर काय मांडलं होतं, उजेड कुठल्या बाजूने येतोय, आणि डोंगर म्हणून जे दिसतंय ते मुळात काय असावं, एवढं लिहिलं तर वाचणारा चाळीसगावची गाडी पकडून जाईल बघायला.

कुणी म्हणेल की आता २०२२ नंतर चॅटजीपीटीसारखे मोठे प्रोग्रॅम आलेत, तुमच्या साच्यांची गोष्ट जुनी झाली. त्याच्यावर मला फार काही म्हणायचं नाही, ते फार मोठं प्रकरण आहे. पण एवढं दिसतं की त्याला नुसतं "चित्रप्रदर्शनावर परीक्षण लिही" म्हटलं की ते पण तेच तरल आणि तेच अमूर्त देतं, जरा जास्त गुळगुळीत करून, आणि त्याला चीक-करपा सांगितला तर ते त्याबद्दल लिहितं. म्हणजे सांगणारा माणूस तिथेही लागतोच. छोटा प्रोग्रॅम हातात असण्याचा फायदा असा की त्यात लपवायला काही नाही, दहावीचं पोरगं यादी उघडून दाखवू शकतं की बघा, हा शब्द इथून आला.

आपल्याला विनंती एवढी आहे की प्रदर्शनाची बातमी येईल तेव्हा निदान एका चित्राबद्दल दोन वाक्यं अशी मागा जी ते चित्र बघितल्याशिवाय लिहिताच आली नसती. बाकी बातमी प्रेस नोटचीच असू द्या, उद्घाटन कोणी केलं, दीपप्रज्वलन, आभार, ते सगळं चालेल, आणि प्रेस नोट असेल तर तसं खाली लिहा. वार्ताहराला वेळ नसेल तर प्रदर्शनात आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला, एखाद्या बाईला विचारा की तुम्हाला यात काय दिसलं आणि ते तिच्याच शब्दांत छापा, लेवा बोलीत असो का अहिराणीत. जागा कमी असेल तर पाहुण्यांच्या नावांची यादी कमी करा, कुणी काही म्हणणार नाही, म्हटलं तर आम्ही वाचक तुमच्या बाजूने पत्रं लिहू.

आणि शाळांतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना सांगायचंय की एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेता तशी एक-दोन तासिका कॉम्प्युटरच्या सरांबरोबर मिळून घ्या. आधी मुलांना यादीचा प्रोग्रॅम करू द्या, खोटी परीक्षणं लिहू द्या, खूप हसतील. मग तीच मुलं वर्गातल्या एकमेकांच्या चित्रासमोर बसवा आणि सांगा की असं वाक्य लिही जे या प्रोग्रॅमला कधीच जमणार नाही. आमच्याकडे एका आठवीतल्या मुलाने मैत्रिणीच्या गाईच्या चित्राबद्दल लिहिलं की, "हिच्या गाईचा मागचा डावा पाय हवेत आहे कारण हिला खूर काढता येत नाही म्हणून हिने गवत काढलं आणि त्यात पाय लपवला पण एक राहून गेला." असं वाक्य लिहायला चित्रासमोर किती वेळ बसावं लागलं असेल.

पत्रासोबत आमच्या प्रोग्रॅमच्या दोन्ही याद्या, साचे आणि ते प्रश्न असे सगळे कागद जोडलेत. मराठीची सामान्यरूपं आणि लिंगं पोरांनी हाताने भरलीत, एखाद-दुसरी चूक असेल ती कुणी कळवली तर दुरुस्त करू. कुणा शिक्षकाला, चित्रकाराला, डीटीपीवाल्याला लागतील तर आपल्या कार्यालयातून झेरॉक्स द्यावी, खुशाल वापरा, पैसे-बिसे काही नाही.

आपला नियमित वाचक,
एक कॉम्प्युटर क्लास चालक
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव